डबल स्प्रेडचा लेआउट : घुबड बरोबर घडीत बसलंय, काय करू?

कोरेपान

नमस्कार मंडळी,

निसर्गावरच्या एका छोट्या मासिकाची मांडणी मी करते. पुढच्या अंकात घुबडांच्या उड्डाणावर लेख आहे. पान १८ आणि १९, समोरासमोर, म्हणजे एक स्प्रेड. अंक ४८ पानी, ए-४, पिन बायंडिंग (घडीत पिना मारून बांधलेला), आत ११५ जीएसएम वजनाचा मॅट, म्हणजे चकाकी नसलेला, आर्ट पेपर. चित्र इथे चढवता येत नाहीये म्हणून शब्दांतच सांगते.

हाताशी असलेला ऐवज असा : गव्हाणी घुबड समोरून उडत येतानाचा एक जबरदस्त फोटो (पंख पूर्ण पसरलेले, मागे काळोख, ६००० × ४००० पिक्सेल). पिसाच्या दातेरी कडेचा क्लोजअप. कवटीचं रेखाचित्र, त्यात दोन कान वेगवेगळ्या उंचीवर कसे असतात ते दाखवलंय. ९०० शब्दांचा मजकूर. पाच मुद्द्यांची 'माहीत आहे का?' चौकट. आणि लेखातलं एक वाक्य मोठ्या अक्षरात.

सध्याची मांडणी : वरच्या अर्ध्या भागात फोटो, दोन्ही पानांवर आडवा, कडांपर्यंत. घुबड मधोमध. त्याखाली 'निःशब्द शिकारी' हा मथळा, तोही मधोमध. मग खाली सहा कॉलम, डावीकडे तीन, उजवीकडे तीन. अक्षर १०.५ पॉइंट, ओळीचं अंतर १३, दोन्ही बाजूंनी जस्टिफाय, म्हणजे कॉलमच्या दोन्ही कडा सरळ. डाव्या कोपऱ्यात कवटी, उजव्या कोपऱ्यात पिवळी चौकट, मधल्या कॉलमांत पीस आणि ते मोठं वाक्य.

सगळं बसलंय. एक ओळही बाहेर गेलेली नाही. पण पान बघवत नाही. कुठून सुरुवात करू?

---

घडीमोड

सुरुवात घडीपासून करा. पक्षी समोरून येतोय आणि तो मधोमध ठेवलाय, म्हणजे चेहरा बरोबर घडीत. अंक उघडल्यावर एक डोळा १८ वर, दुसरा १९ वर आणि चोच पानांच्या खोबणीत. स्क्रीनवर ही घडी दिसत नाही, दोन पानं एकच फलक असल्यासारखी सपाट दिसतात. त्यामुळे हा घोळ छापून हातात येईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

दुसरं. १८ आणि १९ समोरासमोर असली तरी ती एका कागदावर नाहीत. पिन बायंडिंगमध्ये एका कागदावर शेजारी छापल्या जाणाऱ्या दोन पानांची बेरीज नेहमी एकूण पानं अधिक एक इतकी येते. तुमच्याकडे ४९. म्हणजे १८ शेजारी ३१ छापलं जाणार आणि १९ शेजारी ३०. तुमच्या फोटोचे दोन अर्धे दोन वेगळ्या कागदांवर, कदाचित दोन वेगळ्या प्लेटांवर छापले जातील. शाई एका बाजूला किंचित जड पडली की आकाशाचा काळा दोन छटांचा. घडी अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे झाली की चोच तुटलेली.

पूर्ण एका कागदावर असलेला स्प्रेड फक्त मधला, २४-२५. तो मिळतोय का बघा. अर्थात तिथे पिना फोटोतूनच जातील, तेवढं लक्षात ठेवून पक्षी हलवावा लागेल.

---

कोरेपान

२४-२५ दुसऱ्या लेखाला दिलंय, ते हलणार नाही. तिथे एक नकाशा आहे आणि त्याची गरज माझ्यापेक्षा मोठी आहे.

---

घडीमोड

मग प्रश्नच मिटला. १८-१९ वर घडीतून असं काहीतरी जाऊ द्या की जे एक मिलिमीटर सरकलं तरी कळणार नाही. आकाश, गवत, पाणी, पंखाचा सपाट भाग. डोळे, चेहरे, बोटं, सरळ रेषा, अक्षरं, यातलं काही नको. आणि तिरकी रेषा तर अजिबात नको. तिरकी रेषा घडीत सरकली की पायरी पडते, ती दुरूनही दिसते.

---

पानकिडा

घडीचं बरोबरच आहे, पण घुबड बाजूला सरकवूनही हे पान बघवणार नाही.

तुम्ही दिलेली यादीच पुन्हा वाचा. फोटो, मथळा, सहा कॉलम, कवटी, पीस, चौकट, मोठं वाक्य. यातलं वाचकाने आधी काय बघायचं? फोटो अर्ध्या उंचीत दाबलाय, त्यामुळे तो भव्य वाटत नाही. पिवळा रंग पानावर सगळ्यात भडक, म्हणून नजर आधी चौकटीत जाणार. म्हणजे तुमच्या सगळ्यात चांगल्या फोटोला तुमची सगळ्यात किरकोळ चौकट हरवतेय.

एक करून बघा. स्प्रेड स्क्रीनवर इतका लहान करा की मजकूर राखाडी पट्ट्यांसारखा दिसेल. आधी रंगीत, मग कृष्णधवल. एक मोठा आकार, एक मध्यम, बाकी सगळं शांत, असं दिसलं पाहिजे. तुमच्याकडे सारख्याच मापाचे सहा-सात ठोकळे दिसतील.

माझा साधा नियम : मुख्य चित्र दुसऱ्या क्रमांकाच्या चित्राच्या निदान दुप्पट हवं. दुप्पटही कमीच. तिप्पट-चौपट झालं की कुणाला शंका उरत नाही.

---

लालशाई

थोडा विरोधी सूर लावते. मी मांडणी करत नाही, संपादन करते, आणि 'फोटो मोठा करा, मोकळी जागा सोडा' हे ऐकून कान किटलेत. मोकळी जागा म्हणजे कुणाचे तरी शब्द कापलेले असतात. लेखकाने ९०० शब्द लिहिलेत. वाचक मासिक घेतो ते वाचायला. सहा कॉलम भरलेले असण्यात लाज कसली?

---

पानकिडा

लालशाई, वाचायला घेतो हे मान्य. पण पान उलटताना तो थांबला तर वाचेल ना? थांबवायचं काम त्या एका फोटोचं आहे.

आणि हे काही आजचं खूळ नाही. हार्पर्स बझार या फॅशन मासिकात १९३४ ते १९५८ या काळात अलेक्सी ब्रोडोविच कलादिग्दर्शक होता. दोन पानं मिळून एकच चित्र समजायचं, फोटो बेधडक कापायचा, आणि मजकुराला त्या चित्राचा आकार द्यायचा, हे त्याने तिथे रुजवलं. त्याच्या पानांवर भरपूर पांढरं आहे, पण ते कधी उरलेलं वाटत नाही.

---

लालशाई

ब्रोडोविचकडे फॅशनची पानं होती. त्याला कवटीत कान कुठे असतात ते समजावून सांगायचं नव्हतं. :)

गंमत सोडा. माझा मुद्दा एवढाच की कापायचं असेल तर मांडणीकाराने मापात बसावं म्हणून खालून ओळी उडवू नयेत. संपादकाला विचारा, लेख दोन पानांचा आहे की तीन पानांचा. बऱ्याचदा पुढचं एक पान मिळतं, विचारतच कुणी नाही.

---

कोरेपान

विचारलं. पान २० मिळालं! तिथे एक भरतीची जाहिरात होती, ती मागे गेली. लालशाई, धन्यवाद.

---

तिरकसकाना

व्वा, मग आता अक्षरांकडे वळू. मला इथे बरंच बोलायचंय, चहा घेऊन बसा.

१०.५ वर १३ हे प्रमाण रोमन लिपीतून आलेलं दिसतंय. देवनागरीत शिरोरेघेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. एका ओळीचा 'कृ' आणि खालच्या ओळीचा 'र्की' एकमेकांना भिडायला लागले की वाचकाला कारण कळत नाही, पण तो दमतो. ११ वर १६ करून बघा. फाँट उंच मात्रांचा असेल तर १७ सुद्धा.

जस्टिफाय. ५५-६० मिलिमीटरच्या कॉलमात मराठीचे सहा-एक शब्द मावतात. मराठी शब्द प्रत्यय लागून लांब होतात, 'उड्डाणादरम्यानच्या' असा एखादा शब्द आला की तो खाली ढकलला जातो आणि वरच्या ओळीत शब्दांमध्ये भगदाडं पडतात. अशा पाच-सहा ओळी लागोपाठ आल्या की कॉलममधून पांढरा ओहोळ वाहतो. अरुंद कॉलमला डावीकडून सरळ, उजवीकडे सैल, असंच ठेवा. जस्टिफाय हवंच असेल तर कॉलम रुंद करा.

आणि ज्याने मी सगळ्यात जास्त वैतागतो ते म्हणजे अक्षरांमधलं अंतर. मथळा ताणून बसवायचा म्हणून ट्रॅकिंग वाढवलं की शिरोरेघ तुटते. शब्द विंचरलेल्या केसांसारखा सुटा सुटा होतो. उणे ट्रॅकिंग केलं तर काने एकमेकांवर चढतात. देवनागरीत मथळा मोठा करायचा तर पॉइंट वाढवा, वजन वाढवा, पण शिरोरेघेला हात लावू नका. जस्टिफिकेशनच्या सेटिंगमध्येही अक्षरांच्या अंतराचे तिन्ही आकडे शून्य आणि अक्षराची रुंदी तिन्हीकडे १०० असू द्या. ताण काय तो शब्दांमधल्या जागेने सोसावा.

आता मथळा. तो मधोमध आहे म्हणजे घडी कुठून जातेय? 'शि' मधून ना?

---

कोरेपान

'निःशब्द' डावीकडे, 'शि'ची वेलांटी घडीवर, बाकी उजवीकडे. तुम्ही बघितल्यासारखं सांगताय!

---

तिरकसकाना

रोमन मथळा घडीतून गेला तर दोन अक्षरांच्या फटीतून नेता येतो. आपल्याकडे अख्ख्या शब्दावर एकच रेघ असते, त्यामुळे शब्दाच्या आत कुठेही घडी आली की ती रेघ मोडते आणि दोन्हीकडचे तुकडे वरखाली दिसतात. घडी यायचीच तर दोन शब्दांमधल्या जागेत, आणि ती जागाही नेहमीपेक्षा थोडी रुंद करून. तुमच्या बाबतीत मी म्हणेन, मथळा अख्खा एकाच पानावर घ्या. दोन ओळींत.

पण 'निःशब्द शिकारी' दोन ओळींत घेतला की दुसऱ्या ओळीच्या डोक्यावर दोन वेलांट्या, त्यांची कमान वरच्या 'ब्द'च्या पायात घुसणार. ओळी लांब ठेवाव्या लागतील, मग मथळा एकसंध दिसणार नाही. मोठ्या अक्षरात मथळ्याचे शब्द निवडताना त्यांचा आकारही बघायचा असतो. दुसरा मथळा सुचतो का बघा.

---

कोरेपान

लेखात एक ओळ आहे, 'पंखांना आवाज नाही'. पहिली ओळ 'पंखांना', दुसरी 'आवाज नाही'?

---

तिरकसकाना

झकास. पहिल्या ओळीत खाली लोंबणारं काहीच नाही, दुसऱ्या ओळीत वर फक्त शेवटची एक वेलांटी. ओळी चांगल्या जवळ आणता येतील. आणि मथळा म्हणूनही हा बरा आहे. 'निःशब्द शिकारी' बिबट्यालाही चालला असता आणि अजगरालाही.

---

लालशाई

+१. संपादक म्हणून मथळ्याला मंजुरी. :)

---

मुद्रणवेडा

फोटो किती मोठा होऊ शकतो ते कुणी मोजलंय का? मी मोजतो.

ए-४चा स्प्रेड ४२० × २९७ मिलिमीटर. सगळीकडून ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) धरलं की ४२६ × ३०३. ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) साधारण ५०३२ × ३५७९ पिक्सेल लागतात. तुमचा फोटो ६००० × ४०००, म्हणजे अख्खा स्प्रेड भरूनही पुरतो. पूर्ण उंचीला ४००० पिक्सेल लावले तर ३३५ पीपीआय. निवांत वापरा.

मात्र काळोखाकडे लक्ष द्या. रात्रीचं आकाश आरजीबीतून (पडद्यावरच्या रंगांतून) सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांत) येताना चारही शाया मिळून ३२०-३३० टक्क्यांवर सहज जातं. छापखान्याला त्यांची मर्यादा विचारा, आर्ट पेपरला ३०० च्या आसपास सांगतात, आणि त्यांनी दिलेलं रंगांचं प्रोफाइल लावूनच रूपांतर करा. शाई जास्त झाली तर वाळत नाही, समोरच्या पानावर डाग उठतो.

---

कोरेपान

सगळ्यांचं ऐकून दुसरा आराखडा केला. मार्जिन आतून २०, बाहेरून १५, वर १८, खाली जे उरेल ते. मजकुराची रुंदी १७५ मिलिमीटर. त्यात १२ कॉलमांची जाळी, प्रत्येकी १० मिलिमीटर, मधे ५ ची फट. १२० अधिक ५५, बरोबर १७५. ओळींची जाळी १६ पॉइंटची, उंचीत ४५ ओळी.

फोटो आता पूर्ण उंचीचा : अख्खं १८ आणि शिवाय १९ वरच्या पहिल्या चार कॉलमांपर्यंत. तिथे तो संपतो आणि पांढरा कागद सुरू. घुबडाचा चेहरा डाव्या कडेपासून ११५ मिलिमीटरवर, म्हणजे घडीपासून ९५ मिलिमीटर लांब. त्याचा उजवीकडचा पंख घडी ओलांडून १९ वर साधारण ३४ मिलिमीटर जातो. डावीकडच्या पंखाचं टोक १४ मिलिमीटर कापलं जातंय. ते मला खटकतंय.

मथळा १८ वर खाली डावीकडे, काळोखात पांढरा. १९ वर जाळीच्या उरलेल्या आठ कॉलमांत मजकुराचे दोन कॉलम, प्रत्येकी ५५ मिलिमीटर. बाहेरच्या कॉलमच्या तळाला पिसाचा क्लोजअप. कवटी, चौकट आणि उरलेला मजकूर पान २० वर. मोठं वाक्य मथळ्यातच गेलं, म्हणून काढून टाकलं.

---

घडीमोड

आता बोला! पंख घडी ओलांडतोय त्याने दोन पानं आपोआप जोडली जातात. नजर चेहऱ्यावर पडते, पंखावरून सरकत १९ वर येते आणि समोर मजकुराचा पहिला कॉलम. बाण काढायची गरज नाही.

कापलेल्या टोकाची काळजी सोडा. उलट १४ मिलिमीटर कापलंय ते उत्तम. टोक कडेपासून दोन मिलिमीटर आत थांबलं असतं किंवा कडेला नेमकं टेकलं असतं तर वाईट. कटिंग मशीनमध्ये गठ्ठा किंचित सरकतो, काही प्रतींत टोक असेल, काहींत नसेल. कापायचं तर मुद्दाम कापलंय असं दिसेल इतकं कापा.

---

पानकिडा

लहान करून बघितलं, म्हणजे मनातल्या मनात. एक मोठा काळा आकार, त्यात पांढरा पक्षी, उजवीकडे शांत राखाडी. ठीक आहे!

दोन गोष्टी. एक, मथळा चेहऱ्याच्या थेट खाली येत नाही ना? चेहरा ११५ वर आणि मथळाही त्याच रेषेवर मधोमध असेल तर पान थिजल्यासारखं होईल. तो डाव्या मार्जिनला टेकवा. दोन, १९ वर फोटोची उभी कड आणि पहिला कॉलम यांत फक्त जाळीतलं ५ मिलिमीटर अंतर आहे. फोटो काळाकुट्ट, त्याच्या इतक्या जवळ अक्षरं गुदमरतील. फोटो चौथ्या कॉलमच्या आधीच संपवा, किंवा मजकूर एक कॉलम सरकवा.

---

जाळीदार

जाळीचा धाक बाळगणाऱ्यांसाठी एक भर. १२ हा आकडा सोयीचा आहे कारण त्याला दोनाने, तिनाने, चाराने, सहाने भाग जातो. कलादिग्दर्शक विली फ्लेकहाउसने १९५९ मध्ये सुरू झालेल्या ट्वेन या जर्मन मासिकासाठी १२ कॉलमांचीच जाळी वापरली होती आणि त्या पानांकडे बघून कुणाला जाळी आठवत नाही. तेव्हा फोटो कॉलमच्या मधेच कुठेतरी थांबवण्यापेक्षा तीन कॉलमवर थांबवा. पंख तरीही पूर्ण मावतो. तुमचं ३४ मिलिमीटर घडीपासून धरलंय ना?

---

कोरेपान

हो, घडीपासून. आतलं मार्जिन २० आणि तीन कॉलम ४०, म्हणजे फोटो ६० मिलिमीटरवर संपेल. पंखापुढे २६ मिलिमीटर काळोख उरतो. मजकूर आहे तिथेच, मधे २० मिलिमीटर पांढरं. करून बघितलं, मोकळं वाटतंय. पिसाचा फोटो आता मजकुराच्या बाहेरच्या कॉलममध्ये तळाला नऊ ओळींचा, त्याखाली फोटोओळ.

---

लालशाई

मुख्य फोटोची ओळ कुठे आहे? तुम्ही मांडणीकार ती शेवटी आठवता आणि फोटोवरच पांढऱ्या बारीक अक्षरात चिकटवता.

---

कोरेपान

...फोटोवरच, पांढऱ्या बारीक अक्षरात. :D

---

मुद्रणवेडा

नको. काळोख चार शायांचा आहे. त्या शायांच्या चार प्लेटा केसभर जरी सरकल्या तरी ८ पॉइंटचे अनुस्वार आणि रफार रंगाने भरून जातील. मथळा मोठा आहे, त्याला काही होणार नाही. मथळ्याखाली प्रास्ताविक दोन ओळी असतील तर त्या निदान १४ पॉइंट आणि सेमीबोल्ड घ्या. फोटोओळ त्या २० मिलिमीटरच्या पांढऱ्या पट्टीशेजारी, कॉलमच्या माथ्यावर किंवा पायथ्याशी, काळ्या शाईत. आणि मजकुराचा काळा म्हणजे नुसता काळा, १०० टक्के के (सीएमवायकेतली काळी शाई). चार शायांचा काळा चुकून मजकुराला लागलेला नाही ना ते निर्यात करण्याआधी सेपरेशन प्रिव्ह्यूमध्ये (तिथे प्रत्येक शाई वेगळी दिसते) बघा.

---

तिरकसकाना

फाँट कोणता?

---

कोरेपान

मजकुराला टिरो देवनागरी मराठी, मथळ्याला मुक्त एक्स्ट्राबोल्ड. आणि हो, लेखाचं पहिलं अक्षर तीन ओळींचं मोठं घेतलंय. लेख 'क्षणभर' या शब्दाने सुरू होतो.

---

तिरकसकाना

जोडी छान आहे. टिरोमध्ये ठळक वजन नाही, साधा आणि तिरका एवढेच. मजकुरात उपमथळे असतील तर ते मुक्तमध्येच घ्या, सॉफ्टवेअरकडून खोटा बोल्ड करून घेऊ नका. प्रास्ताविकालाही मुक्तचं सेमीबोल्ड आहेच. परिच्छेदाची भाषा मराठी लावलीय ना? फाँटमध्ये सोय असेल तर त्याशिवाय आपल्या वळणाचे 'ल' आणि 'श' येत नाहीत, हिंदी वळणाचे येतात. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (अशा लिप्या नीट जोडणारी सोय) निवडलेला असू द्या, नाहीतर वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात.

मोठं पहिलं अक्षर हा स्वतंत्र विषय आहे. 'क्ष' म्हणजे संगणकाच्या लेखी क, हलन्त आणि ष. सॉफ्टवेअर एक अक्षर म्हणून किती उचलेल याचा भरवसा धरू नका, 'क्ष' पूर्ण आलाय ना ते डोळ्यांनी बघा. मग उंची. रोमनमध्ये मोठ्या अक्षराचा माथा पहिल्या ओळीच्या माथ्याला जुळवतात. आपल्याकडे मोठ्या अक्षराची शिरोरेघ पहिल्या ओळीच्या शिरोरेघेला जुळली पाहिजे. आपोआप जुळत नाही, बेसलाइन शिफ्टने, म्हणजे अक्षर वरखाली सरकवून, हाताने जुळवावी लागते. रेघ मात्र मोठ्या अक्षराची जाड असणार, तेव्हा दोन्हींची वरची कड जुळवा. आणि 'णभर' हे त्या 'क्ष'ला शक्य तितकं चिकटून येऊ द्या. नाहीतर लोक 'क्ष' म्हणून थांबतात आणि मग 'णभर' वाचतात.

खरं सांगू? शब्द इतका छोटा असताना मी मोठं अक्षर घेणारच नाही. पहिले चार-पाच शब्द मुक्तमध्ये मध्यम वजनात घ्या, सुरुवात कळते आणि शब्द तुटत नाही.

---

पानकिडा

असहमत. पांढऱ्या पानावर मजकुराला एक दार हवं. फोटो इतका जड असताना चार ठळक शब्द कुठेच दिसणार नाहीत.

---

तिरकसकाना

दार पंखाने दाखवलंय की. घडीमोड म्हणालेच.

---

कोरेपान

दोन्ही छापून बघते.

तेवढ्यात छापखान्याकडून निरोप आलाय की पुढच्या अंकापासून पानं वाढणार असल्याने ते परफेक्ट बायंडिंग (कण्याला गोंद लावून बांधणी) सुचवतायत, आणि हाच अंकही तसा करू का विचारतायत. यात माझ्या स्प्रेडचं काय होईल?

---

घडीमोड

४८ पानांना ११५ जीएसएममध्ये कणा अगदीच बारीक येईल, मी नाही म्हणेन. पण विचारलंय तर सांगतो. गोंदाच्या बायंडिंगमध्ये अंक सपाट उघडत नाही. दोन्ही पानांच्या आतल्या कडेचा साधारण ५ ते ८ मिलिमीटर भाग खोबणीत जातो. तुमचा पंख तिथे एकूण सेंटिमीटरभर गिळला जाईल आणि आखूड दिसेल. त्यावर उपाय असा की फोटोचे दोन भाग करायचे आणि प्रत्येक भाग घडीपासून बाहेर काही मिलिमीटर सरकवायचा, म्हणजे घडीजवळची तेवढी पट्टी दोन्ही पानांवर पुन्हा येते. सपाट ठेवलेल्या पीडीएफमध्ये ते विचित्र दिसतं, बांधलेल्या अंकात नीट दिसतं. किती सरकवायचं ते त्याच कागदाच्या कोऱ्या डमीवर मोजा.

आतलं मार्जिनही २० चं २४-२५ करावं लागेल, मग तुमची १० आणि ५ ची सुबक जाळी गेली.

पिन बायंडिंगमध्येही एक बघायचं असतं. आतली पानं घड्या घालताना बाहेर सरकतात आणि कापताना त्यांची बाहेरची कड थोडी जास्त जाते. १८-१९ मधल्या पानांच्या जवळच आहेत. पानाचा क्रमांक बाहेरच्या कडेला फार लगटून ठेवू नका, निदान ८ मिलिमीटर आत.

---

कोरेपान

पिनच ठेवतोय, कळवलं.

दोन ए-३ कागदांवर शंभर टक्के मापात छापून, कडा कापून, चिकटपट्टीने जोडून घडी घातली. पानकिडा आणि तिरकसकाना, दोन्ही सुरुवाती बघितल्या. ठळक शब्द घेतेय. 'क्ष'ची काळी जाड रेघ काळ्या फोटोच्या शेजारी आली आणि नजर तिथेच अडकायला लागली. शिवाय ११ पॉइंटच्या जागी १०.५ केलं, ओळ १६ चीच. टिरो ११ ला थोराड वाटत होता.

---

पानकिडा

कागदावर बघून ठरवलंत, मग माझं काही म्हणणं नाही. १८ वर पानाचा क्रमांक ठेवलात का?

---

कोरेपान

काढला. १९ वर आहे.

---

पानकिडा

उत्तम. आता पान २० कसं दिसतंय ते बघा. पान उलटल्यावर १८-१९ ची ऐट एकदम संपून कवटी, चौकट आणि ४५० शब्द दाटीवाटीने आले तर हिरमोड होतो. पिवळा रंग तिथेही नको. फोटोतल्या घुबडाचा बदामी रंग उचला आणि तो २० वरच्या चौकटीच्या फक्त मथळ्याला द्या. तेवढ्याने लेख तोच चालू आहे हे कळतं. कवटीचं रेखाचित्र तिथलं मुख्य चित्र, त्यामुळे तेही कंजूषपणा न करता मोठं. निदान सहा कॉलम रुंद.

---

लालशाई

आणि चौकटीतल्या पाच मुद्द्यांपैकी जे लेखात आधीच आलेत ते कापा. यावेळी कापायला मीच सांगतेय. पिसाच्या दातेरी कडेबद्दल मजकुरात आहे, फोटोओळीत आहे, चौकटीत तिसऱ्यांदा कशाला? ते २७० अंशांत मान वळवण्याचं मात्र राहू द्या, मुलं तेच वाचतात.

---

नवखा_मांडणीकार

बाजूला बसून सगळं वाचतोय, मजा येतेय. एक प्रश्न : इनडिझाइन परवडत नाही. हे सगळं स्क्रायबस या फुकट सॉफ्टवेअरमध्ये होईल का? आणि पीडीएफ देताना स्प्रेड म्हणून द्यायचा की सुटी पानं?

---

मुद्रणवेडा

स्क्रायबसच्या १.५ मालिकेत देवनागरी नीट जोडायची सोय आली, त्याआधीच्या आवृत्त्या विसरा. १.६ घ्या. मास्टर पान, बेसलाइनची जाळी, सीएमवायके, ब्लीड, पीडीएफ/एक्स (छपाईसाठीची पीडीएफ) हे सगळं आहे. लांब मजकुरात थोडा संथ वाटतो.

पीडीएफ सुटी पानं. छापखाना पानं स्वतः लावतो, तुम्ही १८-१९ जोडून दिलंत तर त्याला ते पुन्हा फोडावं लागतं. ब्लीड बाहेरच्या तीन बाजूंना ३ मिलिमीटर. आतल्या बाजूला काय हवं ते त्यांना विचारा, पिन बायंडिंगला बहुतेक जण शून्य सांगतात. फाँट पीडीएफच्या आत एम्बेड झालेत ना तपासा, आणि सोबत एक स्प्रेड जोडलेली हलकी पीडीएफ 'फक्त बघण्यासाठी' असं नावातच लिहून द्या. छपाईवर उभ्या असलेल्या माणसाला पंख कुठे जुळायला हवा ते त्यातून कळतं. कोरेपान, तुम्हीही द्या.

---

कोरेपान

देते. शिवाय १८ आणि १९ ची शाई एकत्र ठेवून तपासा असं पत्रात लिहिलंय. उद्या फाइल जातेय. पान २० चं काम अजून चालू आहे, कवटी सहा कॉलमांत घेतली तर लालशाईंनी कापूनही १२ ओळी बाहेर जातायत. लालशाई, अजून एक मुद्दा उडवता?

---

लालशाई

पाचवा उडवा. चौथ्याला हात लावलात तर बघा.